कुरुळीच्या काकांची चौथी चाल

रविवारी सकाळी चौथ्या फेरीची यादी भिंतीवर लागली, तेव्हा मी तिसऱ्यांदा हात धुऊन आले होते. हात घाण नव्हते. मला नुसतं बसवत नव्हतं.

पुण्याजवळ रावेतमधल्या एका शाळेचा हॉल. स्पर्धा दोन दिवसांची आणि खुली, म्हणजे वयाची, रेटिंगची काही अट नाही. ज्याला खेळायचं त्याने यावं. माझी आयुष्यातली पहिलीच स्पर्धा होती आणि वय एक्केचाळीस. चाकणला आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शनिवार-रविवारसाठी दोन रजा टाकल्या होत्या. रजेच्या अर्जावर कारण लिहिताना हात अडखळला. शेवटी ‘घरगुती काम’ लिहिलं. बुद्धिबळ लिहायची लाज वाटली.

बुद्धिबळ माझ्याकडे मुलीमुळे आलं. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक सर क्लास घेतात. मुलगी दोन महिन्यांत कंटाळली आणि डान्सला जायला लागली. मी मात्र तिला न्यायला-आणायला जाऊन जाऊन मागच्या खुर्चीवर बसायला शिकले होते. एक दिवस सर म्हणाले, “मॅडम, तुम्हीच या की पुढे.” मी गेले. तासभर एका जागी बसून राहिले. माझी आई हयात असती तर तिचा विश्वास बसला नसता. लातूरच्या घरी ती मला म्हणायची, तुझ्या पायाला चाकं लावलीत की काय.

सहा महिन्यांत सरांनी मला एकच ओपनिंग पक्कं करून घेतलं. ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात, पहिल्या आठ-दहा चाली. माझी मोहरी पांढरी असतील तर राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, मग घोडा, मग उंट, आणि चौथ्या चालीला तोच घोडा पुन्हा उडवून समोरच्याच्या राजाच्या दिशेने आणायचा. राजाच्या उंटासमोर एक प्यादं असतं. सुरुवातीला त्याला फक्त राजाचा आधार असतो. माझा घोडा आणि उंट दोघेही त्या एकाच प्याद्यावर रोखलेले. “आता समोरच्याकडे एकच उपाय,” सर सांगायचे. “वजिरासमोरचं प्यादं पुढे टाकून तुमच्या उंटाची वाट अडवायची. दुसरं काही त्याच्याकडे नाहीच.” त्या एका उपायाच्या पुढचं सगळं मी पाठ केलं होतं. कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटून चाली म्हणायचे. शेजारची बाई समजायची मी जप करतेय.

शनिवारी तीन डावांत एक जिंकले, दोन हरले. दोन्ही हरलेल्या डावांत मोहरी काळी होती, म्हणजे माझं पाठांतर उपयोगाचं नव्हतं. चौथ्या फेरीत मला पांढरी आली. मी टेबलावर जाऊन बसले, उठले, पाण्याची बाटली आणायला गेले, परत येऊन पुन्हा बसले.

समोर जे गृहस्थ येऊन बसले ते पंचावन्न-सत्तावन्नचे असावेत. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पायात नवे बूट, आणि हातात एक कापडी पिशवी. पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती खाली, टेबलाच्या लोखंडी पायाला टेकवून ठेवली.

“कुठल्या तुम्ही, ताई?” त्यांनी विचारलं.

“राहते इथेच, रावेतला. नोकरी चाकणला.” मी कंपनीचं नाव सांगितलं.

“आरं वा! तुमच्या कंपनीतली चार पोरं आमच्याकडंच ऱ्हात्यात. मी कुरुळीचा. आमच्या खोल्या हायेत भाड्याच्या. त्या पोरांनीच शिकवलं बगा मला ह्ये. आधी एक नांदेडचा होता, त्यानं घोडा कसा चालतो त्ये दावलं. मंग जळगावचा. येत्यात, शिकवत्यात आन् बदली झाली की जात्यात.”

“तुमचीही पहिलीच स्पर्धा?”

“व्हय. काल एक बी जिंकलो न्हाई.” हे त्यांनी अगदी हसून सांगितलं.

तेवढ्यात पंचांनी माईकवरून सूचना केली. फोन बंद ठेवा, सायलेंट नाही, पूर्ण बंद. डाव चालू असताना कुणाचा फोन वाजला तर तो डाव तिथेच हरला. काकांनी पिशवीतून फोन काढला, कडेचं काहीतरी दाबलं आणि परत आत ठेवला. मी ते पाहिलं. बंद केला असेल, असं मला वाटलं.

प्रत्येकाला एक तास होता. माझ्या पहिल्या तीन चाली झाल्या तेव्हा माझ्या घड्याळातलं अर्धं मिनिटही गेलं नव्हतं. काका प्रत्येक चालीला मोहऱ्यावर बोट न ठेवता हवेत हात फिरवायचे, जसं एखादा माणूस खोलीत दिव्याचं बटण शोधतो, आणि मग खेळायचे. त्यांच्या चाली अगदी मला हव्या तशा पडत होत्या. चौथ्या चालीला मी घोडा उडवला. आता फक्त ते वजिरासमोरचं प्यादं. माझी पुढची चाल हातात तयारच होती.

काकांनी हवेत हात फिरवला आणि उंट उचलला. तो सरळ बाहेर आणून ठेवला आणि घड्याळ दाबलं.

ते प्यादं तसंच उघडं. मी घोड्याने ते खाल्लं तर एकाच वेळी त्यांचा वजीर आणि हत्ती दोन्ही माझ्या घोड्याच्या माऱ्यात येत होते. इतकं फुकट कुणी देतं का?

दोनच शक्यता होत्या. एक म्हणजे त्यांना माझा घोडा दिसलाच नव्हता. दुसरी म्हणजे हा सापळा होता आणि काल एकही डाव न जिंकलेला हा माणूस माझ्यासारख्या पाठांतरवाल्या बाईसाठी तो घेऊन बसला होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते पटाकडे बघत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

पाच मिनिटं गेली, मग दहा. मी एक चाल डोक्यात चालवून बघायचे, दोन पावलांत सगळं धूसर व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेजारच्या टेबलांवर घड्याळांची टकटक चाललेली. छताचे पंखे जोरात फिरत होते. माझा उजवा पाय हलायला लागला. तो थांबवायला मी तो टेबलाच्या लोखंडी पायावर दाबून धरला. सरांचा राग आला. दुसरं काही नाहीच, असं कसं सांगितलं यांनी? पंधरा मिनिटं झाली. मला उठून पळून जावंसं वाटत होतं. कंपनीत शिफ्ट संपताना मोठा लॉट तपासायला यावा आणि बस सुटायला दहा मिनिटं असावीत, तसं झालं होतं.

आणि तेव्हा पायाला ती थरथर जाणवली.

आवाज नव्हता. पंख्यांत तो ऐकूच आला नसता. टेबलाच्या लोखंडी पायातून ती थरथर माझ्या तळव्यात येत होती. थांबली. पुन्हा सुरू झाली. मी खाली पाहिलं. काकांची पिशवी पायाला टेकलेली. आत फोन थरथरत होता. काकांना पत्ता नव्हता. शेजाऱ्यांना नव्हता. पूर्ण हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी हात वर केला.

हा हात कसा वर गेला ते मी नंतर स्वतःला अनेकदा विचारलं. कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाडीत बसणारे छोटे भाग तपासायचे, दोष दिसला की लाल टॅग लावायचा. कुणाच्या मशीनचा आहे, त्याला बोलणी बसतील का, हे बघायचं नाही. सोळा वर्षं तेच केलंय. आधी मी हेच कारण स्वतःला दिलं. पण ते खरं नव्हतं. त्या वेळी डोक्यात एकच गोष्ट होती, की आता ही चाल मला खेळावी लागणार नाही.

पंच आले. सडपातळ, गळ्यात ओळखपत्र. “काय झालं, मॅडम?”

“यांचा फोन वाजतोय.”

पंच वाकले. तिसऱ्यांदा थरथर सुरू झाली होती, त्यांनी पिशवीवर हात ठेवला आणि घड्याळ थांबवलं. “काका, फोन बंद नव्हता का केला?”

“केला की. आवाज बंद केला.”

“आवाज नाही, फोन बंद करायचा होता. व्हायब्रेट झाला तरी वाजलाच. सॉरी काका, नियम आहे. डाव मॅडमना.”

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पटाकडे. पटावर अजून बत्तीसच्या बत्तीस मोहरी उभी होती. “संपला व्हय?” त्यांनी विचारलं. “मंग आता काय करायचं? घरी जायाचं का?”

“पुढची फेरी दुपारी आहे,” पंच म्हणाले.

काकांनी उठून माझ्याशी हात मिळवला. हात खरखरीत होता. मग पिशवी उचलून ते बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभे राहून फोनवर बोलायला लागले. मी खिडकीतून बघत होते. खरं सांगते, पहिली भावना सुटकेची होती. इतकी की डोळ्यांत पाणी आलं. दुपारच्या फेरीला काका आलेच नाहीत. त्यांचं नाव यादीत होतं आणि त्यांच्या टेबलावर समोरचा माणूस एकटाच बसून होता.

पाचवी फेरी मी हरले, घाईघाईत, अर्ध्या तासात. सहावी जिंकले. सहापैकी तीन. आम्ही बायका पाचच होतो आणि माझ्यानंतरच्या बाईचे अडीच होते. त्यामुळे ‘उत्कृष्ट महिला खेळाडू’ म्हणून मला कप मिळाला. फोटो काढला. फोटोत मी कप दोन्ही हातांनी असा धरलाय, जणू कुणी ओढून घेईल.

घरी नवऱ्याने कप टीव्हीच्या शेजारी ठेवला. मी त्याला सगळं सांगितलं.

“नियम होता ना?” तो म्हणाला.

“होता.”

“मग? तू काय त्यांना फोन लावला नव्हतास.”

“पण मी का हात वर केला ते मला माहितेय.”

“अगं, इतका विचार ते पण करत नसतील.”

मी ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा धुवायला घेतली.

सोमवारी कामावर माझ्या हातून दोन चांगल्या भागांना लाल टॅग लागला. लाइनवरच्या ऑपरेटरने येऊन गेजवर मापून दाखवलं, माप बरोबर होतं. मंगळवारी एकच ट्रे मी तीनदा तपासला. जेवणाच्या सुट्टीत स्पर्धेच्या पत्रकावरचा नंबर काढून पंचांना फोन केला आणि विचारलं, तो गुण परत देता येतो का.

“कुणाला परत देणार, मॅडम?”

“त्यांना. किंवा रद्द करा.”

“निकाल पाठवून झाले. आणि तुम्ही काही चुकीचं केलं नाही. उलट सगळ्यांनी असंच जागरूक राहायला पाहिजे.”

त्यांनी माझं कौतुक केलं, आणि मला फोन फेकून द्यावासा वाटला.

त्या उंटाच्या चालीचं उत्तर मोबाइलवर बघणं दोन मिनिटांचं काम होतं. चाली भरल्या की मोबाइल सांगतो, कोण बरोबर, कोण चूक. मी दोनदा ते अॅप उघडलं आणि दोन्हीदा बंद केलं. सापळा असता तर मी पळून सुटले होते, आणि सापळा नसता तर समोर मांडून ठेवलेला डाव टाकून पळाले होते. दोन्हीपैकी काय जास्त वाईट ते मला ठरवता येत नव्हतं.

बुधवारी मी त्या ऑपरेटरलाच विचारलं, कुरुळीला राहणारं कुणी आहे का आपल्यात. परभणीचा, तिशीतला माणूस. त्याने हातातला गेज खाली ठेवला. मग म्हणाला, “मॅडम, तुम्हीच होतात का त्या? काकांच्या समोर?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“फोन मीच लावला होता की. त्या दिवशी रजा टाकून खोलीवरच होतो. मोटर बंद होईना गेली होती, टाकी भरून पाणी खाली खोल्यांत चाललं होतं. स्विच काकांच्या घरात आन् घराला कुलूप. तीनदा लावला. मला काय माहीत तिकडं असं असतं म्हणून.” त्याने मान खाली घातली. “काका एका शब्दानं बोलले नाहीत मला. त्याचंच जास्त वाटतंय.”

म्हणजे त्या फोनचं ओझं आम्ही दोघं वाहत होतो आणि एकमेकांच्या दहा फुटांवर उभं राहून काम करत होतो. त्याने मला घर कुठे ते सांगितलं.

गुरुवारी सकाळी स्कूटर काढली. नवऱ्याला सांगितलं, मोशीला मैत्रिणीकडे जाते. स्पाइन रोडने मोशीपर्यंत बरी गेले, पण पुढे नाशिक हायवेला ट्रेलरच्या रांगा लागल्या होत्या. एका नव्या गाड्यांनी भरलेल्या ट्रेलरच्या मागे वीस मिनिटं रखडले. दोनदा वाटलं, परत फिरावं. काय बोलणार होते मी जाऊन?

काकांचं घर शोधायला त्रास पडला नाही. पुढे दुमजली घर, मागे इंग्रजी एल आकारात दहा-बारा खोल्या, प्रत्येक दारासमोर दोरीवर वेगवेगळ्या कंपन्यांचे शर्ट वाळत घातलेले. निळे, करडे, खाकी. अंगणात काकू लसूण सोलत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

“तुमीच व्हय त्या बाई?”

“हो, काकू.”

“नवे बूट घालून गेले हुते. इस्त्री म्याच केलती. आल्यावर बूट त्या कोपऱ्यात टाकले त्ये अजून तिथंच हायेत.” त्यांनी बोटाने दाखवलं. खरंच होते. “मी म्हनलं, आवं, काय झालं? तर म्हनले, कायतरी नियम हुता. बास. तीन दिस नीट जेवले न्हाईत. म्हातारपणी माणसाला कायतरी नाद लागला हुता, बरं वाटत हुतं.”

मी उभीच होते. बसा म्हणून त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

तेवढ्यात काका मागून आले, हातात पान्हा. मला बघून ते थबकले, मग म्हणाले, “आरं, ताई! या की. मोटारीचा वॉल्व्ह बदलतोय. बसा बसा.” आणि काकूंना, “च्या ठिव.”

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. “काका, मला एक सांगायचंय. तुमचा फोन कुणालाच ऐकू आला नव्हता. फक्त माझ्या पायाला कळला. मी गप्प बसू शकले असते. पण तुम्ही ती चौथी चाल खेळलात ना, ती मला समजली नाही. मी घाबरले. पंधरा मिनिटं विचार केला तरी काही सुचेना, म्हणून मी हात वर केला. नियमासाठी नाही केला.”

काकांनी पान्हा पायरीवर ठेवला. “कुठली चौथी चाल?”

“उंटाची.”

“मला न्हाई याद.”

चार दिवस मी ज्या चालीने तळमळत होते ती त्यांना आठवतही नव्हती. “पट आहे का?” मी विचारलं.

त्यांनी आतून पट आणला. प्लॅस्टिकची मोहरी, एका हत्तीच्या जागी बाटलीचं झाकण. ओसरीवर पट मांडला आणि मी चाली खेळून दाखवल्या. राजासमोरची प्यादी, घोडे, माझा उंट, त्यांचा दुसरा घोडा, माझा उडालेला घोडा. मग त्यांचा उंट.

काका पटावर वाकले. बराच वेळ बघितलं. मग कपाळावर हात मारला. “आरं तिच्या! ह्यो घोडा मला दिसलाच न्हाई! ह्ये प्यादं तर फुकट जातंय!”

“म्हणजे सापळा नव्हता?”

“कसला सापळा, ताई! मला तर वाटलं, तुमी एवढा इचार करताय म्हणजे काय की लई मोठं चाललंय.” आणि ते हसायला लागले. पोट धरून हसले. काकू आतून बघायला आल्या. मलाही हसू आलं.

“मंग आता खेळा की,” काका म्हणाले. “इथूनच. खा प्यादं. गेलंच त्ये.”

मी घोड्याने प्यादं खाल्लं. आता वजीर आणि हत्ती दोन्ही माझ्या माऱ्यात. काकांनी हवेत हात फिरवला. “आता न्हाईतरी जातंयच सगळं,” असं म्हणत त्यांनी तोच उंट सरळ माझ्या राजाशेजारच्या प्याद्यावर मारला. शह. मी राजाने उंट खाल्ला. त्यांनी घोड्याने माझं मधलं प्यादं खाल्लं, पुन्हा शह. मी राजा बाजूला, माझ्याच घोड्याच्या मूळ घरात नेला. मग त्यांचा वजीर माझ्या माऱ्यातून निघून तिरका पटाच्या कडेला येऊन उभा राहिला. वजीर सुटला, पण हत्ती कुठे जातोय? मी हत्ती खाल्ला. म्हणजे बाटलीचं झाकण उचललं.

काकांनी वजीर माझ्या राजाशेजारी ठेवला.

मी राजा हलवायला हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. वजिराला खाता येत नव्हतं, मागे त्यांच्या घोड्याचा आधार होता. आजूबाजूची घरं माझ्याच मोहऱ्यांनी भरलेली किंवा वजिराच्या ताब्यात. मात.

“झालं का?” काकांनीच विचारलं. त्यांना खात्री नव्हती.

“झालं,” मी म्हणाले. “मात आहे.”

“आयला!” काका म्हणाले, आणि काकूंकडे वळून, “आगं, म्या जिकलो!”

मग मात्र काकू पटाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या बघत राहिल्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, “बसा आता, बाई. च्या निवंल.”

मी बसले. माझी भीती खरी होती तर. त्या दिवशी मी खेळले असते तर अगदी अशीच हावरटासारखी हत्ती खायला गेले असते आणि आठ-नऊ चालींत हरले असते. हरले असते तर दुपारपर्यंत चिडचिड केली असती आणि विसरून गेले असते. कप दुसऱ्या बाईकडे गेला असता. काकांना स्पर्धेतला पहिला विजय मिळाला असता, तोही न कळता. चहा पिताना हे सगळं डोक्यात फिरत होतं. काका मात्र पुन्हा मोहरी मांडत होते. त्या दिवशी आम्ही आणखी तीन डाव खेळलो. दोन मी जिंकले, तिसरा अर्धवट राहिला, कारण काकांना मोटर पुरी करायची होती.

शनिवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर क्लासमध्ये सरांना ती चाल दाखवली. सर जरा ओशाळले. “हो, आहे ही चाल. जुनी आहे, आक्रमक आहे. क्लबमध्ये कुणी खेळत नाही म्हणून मी सोडून दिली होती.” मग त्यांनी उत्तर दाखवलं. प्यादं घोड्याने खायचं नाही, उंटाने खायचं. शह बसतो, राजाला हलावं लागतं, हत्तीच्या आडोशाला जायचं त्याचं कॅसल कायमचं जातं आणि आपला राजा सुरक्षित राहतो. इतकं साधं. पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यात उंट आलाच नव्हता, मी घोड्याकडेच बघत बसले होते.

पुढच्या गुरुवारी पुन्हा कुरुळीला गेले. या वेळी नवऱ्याला खरं सांगून. काका अंगणातच होते.

“काका, तुमची चाल पुस्तकातली निघाली,” मी गाडीवरून उतरता उतरता सांगितलं. “मोठमोठे लोक खेळलेत ती. आणि त्याचं उत्तरही आहे, मी शिकून आले.”

“थांबा, थांबा,” काकांनी हात वर केला. “सांगू नका. खेळून बगू.”

त्यांना काळी दिली. पहिल्या तीन चाली झाल्या, मी घोडा उडवला, आणि त्यांनी मुद्दाम, माझ्याकडे बघत, उंट बाहेर आणला. या वेळी चेहऱ्यावर सगळं होतं. आठवडाभर त्यांनी भाडेकरूंना ही चाल दाखवून हरवलं असणार. परभणीचा ऑपरेटर दारात टेकून उभा होता आणि त्याच्याही चेहऱ्यावर तेच.

मी घोड्याला हात लावू शकले असते. दोन मिनिटांत मात होऊ दिली असती, सगळे हसले असते, आणि माझ्याकडून हिशेब मिटला असता. तो मोह मला झाला, हे मी लपवत नाही. पण तो पुन्हा हात वर करण्यासारखाच प्रकार झाला असता, फक्त उलट्या बाजूने. न खेळता सुटणं.

मी उंटाने प्यादं खाल्लं आणि म्हणाले, “शह.”

काकांचं हसू गेलं. ते पटावर वाकले. हात हवेत फिरला आणि मागे आला. पुन्हा फिरला, पुन्हा मागे. दुपारच्या शिफ्टची माणसं डबे घेऊन बाहेर पडायला लागली, जाताना दोघं-तिघं पटाकडे डोकावून गेली. ऑपरेटर कुजबुजला, “काका, राजा हलवा.” “गप ए,” काका म्हणाले. मला बसवत नव्हतं. मी उठून अंगणात एक चक्कर मारून आले, टाकीखालच्या नळावर हात धुतले. परत आले तरी ते तसेच वाकलेले.

वीस मिनिटं तरी झाली असतील. मग त्यांनी राजा एक घर बाजूला सरकवला, मान वर केली आणि म्हणाले, “लई वंगाळ चाल हाय, ताई, ही तुमची.”

तो डाव दोन तास चालला आणि काका हरले. चिडले. काकूंनी जेवायला थांबवलं, पण जेवताना ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. भाकरी मोडता मोडता एकदम म्हणाले, “तितं राजा दुसरीकडं न्यायला पाहिजे हुता मी.” काकू म्हणाल्या, “जेवा आता गुमान.” मी म्हणाले, “जेवण झालं की बघू, काका.”